आंघोळीचं पाणी

फलकावरचं वचन मीच निवडलं होतं. आमच्या महापालिकेत कर्मचाऱ्यांसाठी आरोग्य सप्ताह घ्यायचं ठरलं, उपायुक्तांच्या टेबलावरून फाइल माझ्याकडे आली आणि कामगार कल्याण अधिकारी म्हणून मी आखणी केली. सोमवारी रक्तदाब आणि साखर, मंगळवारी डोळ्यांची तपासणी, बुधवारी आहारतज्ज्ञांचं व्याख्यान, गुरुवारी ताणतणाव, शुक्रवारी योगासनं, शनिवारी चालण्याची स्पर्धा. फ्लेक्सवाल्या मुलाने विचारलं, "मॅडम, वरती एखादा सुविचार टाकू का?" माझे वडील हायस्कूलमध्ये संस्कृत शिकवायचे. कालिदास आमच्या घरी रोजच्या बोलण्यात असायचा. मी तिथेच कागद ओढला आणि कुमारसंभवातला तो सुप्रसिद्ध चरण लिहून दिला, शरीर हे धर्माचं पहिलं साधन असं सांगणारा. त्याखाली मराठी अर्थ, त्याखाली कवीचं नाव. नाट्यगृहात वीस फुटी फलकावर ती अक्षरं पाहिली तेव्हा वडिलांच्या आठवणीने मला भरून आलं.

असल्या सप्ताहांविषयी माझ्या मनात अढी नाही, हे आधी सांगते. २०१६ साली अशाच एका शिबिरात माझा स्वतःचा रक्तदाब सापडला. डोकं दुखतंय ते चष्म्याचा नंबर वाढल्यामुळे, असं मी धरून चालले होते. दंडाला पट्टा बांधणाऱ्या परिचारिकेने दोनदा मोजलं, तिसऱ्या वेळी डॉक्टरांना हाक मारली, आणि त्या दिवसापासून सकाळची गोळी सुरू झाली. या वेळीही लेखा विभागातल्या एका तरुण लिपिकाची साखर इतकी चढलेली निघाली की त्याला रिक्षात घालून तिथूनच रुग्णालयात पाठवावं लागलं. त्याची बायको दुसऱ्या दिवशी मला भेटायला आली होती.

प्रश्न उभा राहिला तो गुरुवारी. सफाई कामगारांची पहिली पाळी दीड वाजता सुटते. त्यांना चौक्यांवरून दोन बसमधून नाट्यगृहात आणलं होतं. पुढच्या चार रांगा रिकाम्या होत्या, तरी बायका मागे जाऊन बसल्या, साडीवरचं नारिंगी जाकीट तसंच ठेवून. मी पुढे बोलावलं तर एकीने नुसती मान हलवली. कामावरून आल्या आल्या माणसांत बसायचं नाही, अंगाला वास येतो, हे त्यांनी इतकं अंगवळणी पाडून घेतलंय की एसी सभागृहातही ते सुटत नाही. ताणतणावाचे व्याख्याते मनापासून बोलणारे होते. त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि खोल श्वास घ्यायला सांगितलं. पोट फुगू द्या, मग सावकाश सोडा, दिवसातून पाच मिनिटं तरी स्वतःसाठी काढा.

चहाच्या वेळी एक बाई माझ्याजवळ आली. पन्नाशीला टेकलेली, कपाळावर हिरवं गोंदण. मी तिला वीस वर्षं ओळखते. तिचा बाप १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून इथे आला, झाडू खात्यात लागला, आणि त्याच्या जागी वारसा हक्काने ती. "मॅडम, ते सर म्हणले खोल श्वास घ्या. आमी तर उलटं शिकलोय," ती म्हणाली. मग तिने मला दाखवलं. कॉम्पॅक्टरच्या मागे उभं राहिलं, आतली फळी कचरा दाबायला लागली की खालून काळं पाणी गळतं. तेवढा वेळ छाती आवळून धरायची. नाकाने घ्यायचाच नाही. तोंडाने थोडा, वरच्यावर, मांजर पाणी पितं तसा. तिने तो श्वास माझ्यासमोर घेऊन दाखवला, ओठ जरासे उघडे, गळ्याच्या खळीपर्यंतच हालचाल, खाली छाती स्थिर. "तीस वर्षं झाली. आता घरीबी तसाच येतो. झोपेतबी. सून म्हणते, आत्याबाई, तुमी श्वास घेता का न्हाई तेच कळत न्हाई."

मी गप्प झाले. तिने फलकाकडे बघून विचारलं, "वर काय लिवलंय?" मी अर्थ सांगितला. तिने तो मनात फिरवला.

"साधन म्हंजे हत्यारच ना, मॅडम?"

"हो, तसंच."

"मग ते कुणाचं? खराटा खात्याचा असतो. झिजलेला जमा केला की नवा मिळतो."

तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. तिला खरोखरच विचारायचं होतं. मी म्हणाले, "आपलंच, ताई." मी अधिकारी म्हणून तिने मान डोलावली, आणि कप ठेवायला गेली.

एकतीस वर्षांच्या नोकरीत मी आरोग्याविषयी जेवढी टिपणं लिहिली, त्या सगळ्यांत एक वाक्य हमखास आहे: गैरहजेरीचं प्रमाण घटेल आणि कार्यक्षमता वाढेल. या सप्ताहाच्या प्रस्तावातही ते आहे. ते लिहिल्याशिवाय लेखा विभाग खर्चाला मंजुरी देत नाही, म्हणून हात आपोआप लिहितो. त्या वाक्यात कर्मचाऱ्याचं शरीर शहराच्या सेवेचं साधन आहे. माझ्या फलकात ते धर्माचं साधन होतं. वरचं काम वेगळं, वाक्याची घडण एकच: शरीर कशासाठी तरी आहे. त्या बाईने नेमक्या त्या घडणीवर बोट ठेवलं होतं. एखादी वस्तू हत्यार असेल तर तिचा कोणी मालक असणार, तिच्याकडून कोणी काम घेणार, आणि ती झिजली की कोणीतरी ती जमा करून घेणार. मी तीस वर्षांत किमान शंभर माणसं तशी जमा होताना पाहिली आहेत. वैद्यकीय मंडळ अनफिट ठरवतं, सर्व्हिस बुकात नोंद होते, आणि लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे त्याच्या जागी मुलगा किंवा सून उभी राहते. त्या शिफारशींनी हजारो घरं तगवली, हे मी जवळून पाहिलंय आणि कोणी त्या रद्द करा म्हणालं तर मी त्याच्याशी भांडेन. पण खराट्याविषयी ती जे बोलली ते मला त्या रात्री त्या घरांतल्या माणसांविषयी ऐकू येत राहिलं.

घरी गेल्यावर वडिलांची कुमारसंभवाची प्रत काढली. निर्णयसागरची, मल्लिनाथाच्या टीकेसह, पानं पिवळी पडून कडांना तुटू लागलेली. पाचवा सर्ग. समासात वडिलांच्या शिसपेन्सिलीच्या बारीक खुणा. हा सर्ग मी कॉलेजात शिकले होते आणि तरीही तो चरण मी सुटा, भिंतीवर लावायच्या पाटीसारखाच लक्षात ठेवला होता. तो कोण म्हणतं, कोणाला, कुठल्या वेळी, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

प्रसंग असा आहे. पार्वती शंकरासाठी तप करते आहे. उन्हाळ्यात चहूबाजूंनी अग्नी, पावसात उघड्यावर शिळा, थंडीत रात्रभर पाण्यात. गळून पडलेली पानंही ती खायची थांबली, म्हणून तिला अपर्णा म्हणू लागले. त्या आश्रमात एक जटाधारी तरुण ब्रह्मचारी येतो. तो वेष बदलून आलेला शंकरच आहे. तो तिला उपदेश करत नाही, विचारपूस करतो. त्या श्लोकाचे चार चरण मी त्या रात्री पुन्हा पुन्हा वाचले. पहिल्यात तो विचारतो, होमासाठी समिधा आणि दर्भ सहज मिळतात ना? दुसऱ्यात विचारतो, इथलं पाणी तुझ्या स्नानाला योग्य आहे ना? तिसऱ्यात विचारतो, आपल्या शक्तीला झेपेल एवढंच तप करतेस ना? आणि मग चौथा चरण, शरीराचा. हे सगळं का विचारतो आहे त्याचं कारण म्हणून. पाहुण्याने यजमानीणबाईच्या काळजीने विचारलेल्या तीन प्रश्नांचं ते शेपूट आहे.

मी तीन प्रश्न कापून टाकले होते आणि त्यांचं कारण आज्ञेसारखं भिंतीवर टांगलं होतं. सरपण, पाणी, शक्ती. त्यांपैकी दुसऱ्यावर माझी नजर खिळली. वडिलांनी तिथे समासात एक लहानशी उभी रेघ मारलेली होती. कशासाठी ते आता कळायला मार्ग नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. योगासनं सोडून मी त्या बाईच्या चौकीवर गेले. तिथे पूर्वी अनेकदा गेले आहे, पण हजेरी पट बघायला, तक्रार ऐकायला, कोणाचा निरोप समारंभ असेल तर नारळ द्यायला. या वेळी फक्त पाणी बघायला गेले. उड्डाणपुलाच्या पायथ्याशी पत्र्याची खोली. आत मुकादमांचं टेबल, हजेरीचं मशीन, भिंतीवर बाबासाहेब, गाडगेबाबा आणि अण्णाभाऊ साठे एका ओळीत, खाली कोणीतरी आणून लावलेलं साईबाबांचं कॅलेंडर. कोपऱ्यात खराटे, पंजे, घमेली. बाहेर भिंतीलगत एक नळ, गुडघ्याएवढ्या उंचीवर. पुरुष तिथे बनियनवर उभे राहून अंगावर पाणी घेतात. बायका हातपाय धुतात आणि साडी न बदलता घरी जातात. काही जणी दीड तासाच्या अंतरावर राहतात. बसमध्ये सीट रिकामी असली तरी उभ्या राहतात, दाराजवळ, वाऱ्याला. कोणी काही बोलत नाही, त्याआधीच त्या उठलेल्या असतात. आणि नळाचं पाणी सकाळी सहाला येतं, अकराला जातं. पाळी सुटते दीडला. पुरुषांनी भरून ठेवलेली दोन पिंपं संपली की संपलं.

आमच्या पगारपत्रकात सफाई कामगारांच्या नावापुढे एक रकाना आहे, घाणभत्ता. शब्द सरकारी आहे, मी तो हजारो वेळा लिहिला आहे. त्याच्याशेजारी धुलाई भत्ता, गणवेशाच्या साबणासाठी. घाण शहराची, पण तिचा भत्ता यांच्या नावावर, जणू ती यांची आहे. आणि धुवायचे पैसे मिळतात, धुवायची जागा मिळत नाही. कंत्राटी कामगारांसाठी १९७० चा केंद्रीय कायदा होता. त्याच्या अठराव्या कलमात पिण्याचं पाणी, शौचालयं, मुताऱ्या आणि हातपाय-अंग धुण्याची सोय ही कंत्राटदाराची जबाबदारी म्हणून लिहिली होती, आणि कंत्राटदाराने ती पाळली नाही तर काम करवून घेणाऱ्या मालकाने ती सोय करायची असंही पुढे लिहिलं होतं. म्हणजे तो प्रश्न कालिदासाच्या ब्रह्मचाऱ्याने विचारला, दिल्लीच्या संसदेने विचारला. आरोग्य सप्ताहाच्या सहा दिवसांत मी विचारला नाही.

आमच्या आयुर्वेदिक दवाखान्यातले वैद्य माझे जुने स्नेही. मी हे सगळं त्यांच्यापुढे मांडलं, तेव्हा त्यांनी चरकसंहितेच्या विमानस्थानातला तिसरा अध्याय काढला. आपल्याला चरक म्हटला की दिनचर्या आठवते, पथ्य आठवतं, प्रज्ञापराध आठवतो, म्हणजे बुद्धीला कळत असूनही माणूस चुकीचं वागतो आणि आजार ओढवून घेतो. शिबिरांची सगळी व्याख्यानं त्यावरच बेतलेली असतात: मीठ कमी करा, वेळेवर झोपा, तंबाखू सोडा. पण या अध्यायात आत्रेय पुनर्वसू आणि अग्निवेश कांपिल्य नगरीजवळ गंगेच्या काठाने फिरताहेत, आणि प्रश्न निराळाच आहे. माणसांच्या प्रकृती वेगळ्या, आहार वेगळे, वयं वेगळी, तरी एकाच वेळी सगळं जनपद आजारी का पडतं? आत्रेयांचं उत्तर असं की वारा, पाणी, भूमी आणि काळ या चार गोष्टी सगळ्यांच्या सामाईक आहेत. त्या बिघडल्या की प्रकृती, आहार, वय वेगळं असूनही सगळे एकाच वेळी आजारी पडतात. आणि त्या बिघडतात त्याचं मूळ अधर्मात आहे. देश, नगर आणि गाव चालवणारे प्रमुखच धर्म सोडून लोकांशी वागू लागतात तिथे ते सुरू होतं. नगर चालवणारे, हा शब्द वैद्यांनी बोट ठेवून दाखवला. आम्ही दोघंही नगर चालवणाऱ्यांचे नोकर आहोत.

मला तेव्हा एक कामगार आठवला. मेलेली जनावरं उचलणाऱ्या गाडीवर होता. दारू फार. मी त्याला दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात पाठवलं, दोनदा तो परत प्यायला. त्याच्या घरी जाऊन मी त्याला बायकोसमोर बोलले, इच्छाशक्ती नाही म्हणाले, पोरांकडे बघ म्हणाले. तो एकच सांगायचा, "पिल्याशिवाय भाताला कुत्र्याचा वास येतो." मला ते दारुड्याचं निमित्त वाटायचं. मग दुसऱ्याच कारणाने, पाय मोडल्यामुळे, त्याची बदली उद्यान विभागात झाली. रोपांना पाणी घालायचं काम. सहा महिन्यांत दारू सुटली. कोणी सोडवली नाही. भाताला भाताचा वास यायला लागला. त्याला मी बोलले ते शब्द आजही मला टोचतात, आणि त्याची माफी मी त्याच्या उद्यानात जाऊन मागितली आहे.

हे एकट्या आमच्या शहराचं नाही. १९६७ साली लंडनमध्ये ब्रिटिश सरकारच्या कार्यालयांतल्या सुमारे १८ हजार पुरुष कर्मचाऱ्यांचा अभ्यास सुरू झाला. व्हाइटहॉल हा तिथला सरकारी कचेऱ्यांचा रस्ता, तेच नाव त्या अभ्यासाला पडलं. बहुतेक खुर्चीवर बसून काम करणारी माणसं. तरीही सगळ्यांत खालच्या श्रेणीतल्यांचं हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण वरच्या श्रेणीच्या तिपटीच्या आसपास निघालं. सिगारेट, रक्तदाब वगैरे सगळं हिशेबात धरून पाहिलं, तरी अंतर भरून निघेना. १९८५ पासून मायकेल मार्मट यांनी दहा हजारांवर स्त्री-पुरुषांचा दुसरा अभ्यास सुरू केला. आपल्या कामावर, वेळेवर, निर्णयावर आपला स्वतःचा ताबा किती, याचा हृदयाशी संबंध असल्याचं त्यातून पुढे आलं. श्रेणी एकपासून श्रेणी चारपर्यंतच्या जिन्याला आमच्याकडे वर्ग म्हणतात. त्या जिन्याच्या प्रत्येक पायरीवर शरीर वेगळं झिजतं, आणि आम्ही तळाच्या पायरीवरच्या माणसाला दहा हजार पावलं चाला म्हणून सांगतो. ती बाई सकाळी नऊपर्यंत तेवढी चाललेली असते, खराटा ओढत.

मग शंकराचं काय, हा विचार मला सोडेना. तो विचारपूस करतो, आपल्या शक्तीबाहेर जाऊ नकोस म्हणतो. पण पार्वती कोणासाठी वाळते आहे? त्याच्याचसाठी. ज्याच्यापायी शरीर झिजतंय तोच शरीराची काळजी विचारायला आला आहे. हे ढोंग ठरलं असतं, जर तो विचारून निघून गेला असता. तसं होत नाही. सर्गाच्या शेवटी तो वेष टाकून तिची वाट अडवतो, आणि तुझ्या तपाने मी विकत घेतला गेलो, आजपासून तुझा दास आहे, अशा अर्थाचं बोलतो. देव ऋण मान्य करतो. आणि कालिदास सांगतो की त्या क्षणी तिचा सगळा शीण उतरला, कारण फळ आलं की श्रमच पुन्हा नवी टवटवी देतो. वडील हा भाग शिकवताना थांबायचे, चष्म्याची काच पुसायचे. आज मला वाटतं, कामाच्या ठिकाणचं आरोग्य या गोष्टीतलं धार्मिक तत्त्व असेल तर ते इथे आहे. ज्याने श्रम घेतले त्याने आपण ऋणी आहोत हे आधी तोंडाने म्हणायचं, मग तब्येत विचारायची. आमच्या शहराने ते अजून म्हटलेलं नाही. नागरिक म्हणून मीही म्हटलेलं नाही. माझ्या घरचा ओला कचरा, त्यातली दाढीची ब्लेडं आणि कागदात न गुंडाळलेले नॅपकिन, कोणाच्या तरी हातातून गेले आहेत.

तरीही तिच्या मूळ प्रश्नाला कालिदासाकडे उत्तर नाही, हे मला कबूल करायला हवं. तो शरीराला साधनच म्हणतो. उत्तर मिळालं ते चौकीच्या मुकादमांकडून. ते दर रविवारी विहारात जातात, निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. मी त्यांना बाईचा प्रश्न सांगितला तेव्हा त्यांनी हजेरीचं पुस्तक मिटलं आणि विनयपिटकातली एक गोष्ट सांगितली. त्यांनी सांगितली तशीच देते.

भगवान बुद्ध आनंदाला बरोबर घेऊन भिक्खूंच्या खोल्या बघत फिरत होते. एका खोलीत एक भिक्खू पोटाच्या आजाराने पडलेला, स्वतःच्या मलमूत्रात. भगवान त्याला विचारतात, काय होतंय? मग विचारतात, तुझी शुश्रूषा कोण करतं? कोणी नाही, म्हणतो. का नाही? तो म्हणतो, मी भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून ते माझ्याकडे बघत नाहीत. भगवान आनंदाला पाणी आणायला सांगतात. पाणी भगवानांनी ओतलं, अंग आनंदाने धुतलं. मग एकाने डोक्याकडून आणि एकाने पायांकडून उचलून त्याला मंचकावर ठेवलं. नंतर सगळ्या संघाला बोलावून सांगितलं, इथे तुम्हाला आई नाही, बाप नाही, तुम्ही एकमेकांचं केलं नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी.

"बघा मॅडम," मुकादम म्हणाले, "तो उपयोगाचा नव्हता. तू बरा झालास की संघाचं काय काम करशील, हे त्यांनी विचारलंच नाही. आधी धुतला."

मला वाटतं, याहून थेट उत्तर देता येणार नाही. शरीर कोणाचं साधन आहे हा प्रश्न तिथे उठतच नाही. एक माणूस घाणीत पडला आहे, तर पाणी आणायचं. तो उद्या झाडू मारील की नाही, ध्यान करील की नाही, महिन्याला किती खाडे होतील, हे सगळं पाण्यानंतर, किंवा कधीच नाही. माझ्या टिपणांतलं ते हमखास वाक्य या गोष्टीपुढे उभं राहू शकत नाही. सरकारी फाइलीत बुद्धाचं नाव घालता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण गैरहजेरी घटेल हे वाक्य तरी माझ्या हाताने यापुढे लिहायचं नाही, एवढं मी त्या पत्र्याच्या खोलीत ठरवलं.

चौकीवर बायकांसाठी दोन न्हाणीघरांचा प्रस्ताव मी केला. कारण म्हणून लिहिलं, "महिला कामगारांना कामानंतर स्नानाची सोय नाही." एवढंच. फाइल तीनदा परत आली. एकदा जागा उड्डाणपुलाखालची, दुसऱ्या खात्याची म्हणून. एकदा सांडपाण्याची जोडणी कुठे द्यायची म्हणून. एकदा कार्यक्षमतेवरील परिणाम नमूद करावा म्हणून. तिसऱ्या वेळी मी उपायुक्तांना चौकीवरच घेऊन गेले, दुपारी पावणेदोनला. त्या वेळी ती बाई नळापाशी वाकून कोरडी तोटी फिरवून बघत होती. साहेब काही बोलले नाहीत. गाडीत बसून त्यांनी फाइल मागितली आणि मांडीवरच सही केली.

चौदा महिने लागले. पांढऱ्या फरशीच्या दोन खोल्या, आत कडी, साडी टाकायला दांडी, वर पाचशे लिटरची टाकी. गेल्या महिन्यात मी गेले तेव्हा दीड वाजून गेला होता. ती बाई बाहेर आली ती घरच्या साडीत, केस ओले, मानेला पावडर. पिशवीत नारिंगी जाकीट घडी घालून. माझ्याशेजारी बाकावर टेकली. ती माझ्याजवळ बसल्याची ती पहिलीच वेळ. मी तिला शंकराची गोष्ट पूर्ण सांगितली, त्या तीन प्रश्नांसकट.

ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "मग पार्वतीनं काय सांगितलं? पाण्याचं?"

मी आठवून बघितलं. पार्वती तिथे स्वतः बोलतच नाही. पुढे ती डोळ्यांनी सखीला खुणावते आणि सखी बोलते, तेही तपाच्या कारणाविषयी. समिधा, पाणी, शक्ती यांचं उत्तर काव्यात कुठेच नाही. तसं मी तिला सांगितलं.

ती जरा वेळ थांबली. "डोंगरात ऱ्हात होती ना," ती म्हणाली, "झरा असंल तिला." मग आत डोकावून पिंपाकडे बघितलं, झाकण उचलून पुन्हा ठेवलं. "आमचं टाकीत चढतं ते अकरापातुरच. शेवटच्या दोघीला पुरत न्हाई, मॅडम. तेवढं बघा." आणि पिशवी खांद्याला लावून बसच्या थांब्याकडे निघाली.